विहिरीच्या हिश्शाबद्दल

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम.

फोनवर मी तुमच्या गोळ्यांचं विचारतो, तुम्ही माझ्या शिफ्टचं विचारता, आणि फोन संपतो. म्हणून कागद घेतला. पप्पा, डोळ्यांना त्रास होत असेल तर आईकडून वाचून घ्या. धाकट्याच्या हातात मात्र देऊ नका, कारण हे त्याच्याबद्दलच आहे.

गेल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी स्तोत्र 95 वाचायला घेतलं. आज त्याची वाणी ऐकाल तर मरीबात केलं तसं मन कठीण करू नका, हे मी किती वर्षं ऐकतोय. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर ते तीनदा येतं. मरीबा म्हणजे भांडण, हे तुम्हीच शब्बाथ शाळेत शिकवलं होतं. पण भांडण कशावरून झालं होतं ते माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. बाकावर बसल्या बसल्या निर्गमाचा सतरावा अध्याय काढला. पाण्यावरून! प्यायला पाणी नाही म्हणून सगळे मोशेवर उठले होते. माझी कानशिलं तापली. आपलं तरी दुसरं कशावरून आहे?

चार वर्षं झाली. तुम्ही निवृत्तीच्या पैशातून आम्हा दोघांच्या नावावर घेतलेलं ते दीड एकर, आणि त्यातली विहीर. गावात राहिला तो धाकटा. तुमची दुखणीखुपणी त्यानं काढली, विहीर त्यानं आणखी खोल नेली. माझ्या हिश्शाचं हक्कसोडपत्र मी त्याला करून द्यावं, यात गैर काहीच नव्हतं. मला राग आला तो शब्दाच्या आधी कागद आला याचा. वकिलाकडून टाइप करून आणलेला मसुदा चहाच्या कपाशेजारी ठेवला होता. एकदा तोंडानं विचारलं असतं तर त्याच दिवशी सही केली असती, असं मी बायकोला शंभरदा सांगितलंय. आता वाटतं, केली असतीच असं नाही.

पप्पा, तुम्ही एकदाच विचारलंत, पुन्हा विषय काढला नाहीत. मी त्याला तुमचा ताठा समजत होतो.

या चार वर्षांत मी इकडे मंडळीच्या कमिटीवर निवडून आलो. प्रार्थना सांगताना माझा गळा भरून येतो, लोक नंतर येऊन हात हातात घेतात. खोटं नव्हतं ते. पण डोळ्यांत पाणी येणं वेगळं आणि मन मऊ होणं वेगळं, हे मला कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. मागच्या हंगामाच्या सणाला गावी आलो होतो, आठवतं? देवळाच्या अंगणात अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव चालला होता. मी कोंबडा घेतला, दोन भोपळे घेतले, एका पपईसाठी उगाच तीनशेपर्यंत गेलो. धाकट्याची कांद्याची गोणी पुढे आली तेव्हा मात्र खिशातून मोबाइल काढून बघत उभा राहिलो. मोबाइलवर काहीही नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, एवढं मला न बघता कळत होतं.

लहानपणी तुम्ही कंदिलाजवळ बसून यहेज्केल वाचायचात, देव पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईल असं. ‘मांसमय’ आलं की आम्हा दोघांना हसू फुटायचं, कारण रविवारचं मटण चुलीवर असायचं. तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि पुढे वाचायचात. आता माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, तर मला ते लोखंडातच समजतं. ईएन-एट पोलादाचा जॉब भट्टीत साडेआठशे डिग्रीच्या आसपास तापवायचा. लालबुंद झाल्यावर बाहेर काढून तेलात बुडवला की असा कडक होतो की त्याच्यावर साधी कानस घसरते. तोच जॉब बाहेर न काढता भट्टी बंद करून आतच राहू दिला, तर सावकाश निवत सकाळपर्यंत नरम होतो, मग हवा तसा मशीनवर घ्या. आग दोघांना सारखीच. मला प्रत्येक रविवारी आग लागायची, आणि उपासना सुटली की मी स्वतःला तेलात बुडवून घ्यायचो. बाहेर चहा, गप्पा, कमिटीचा हिशोब. आत राहू द्यायचोच नाही.

आई, तू लक्ष्मीबाई टिळकांचं सांगायचीस. त्यांच्या यजमानांचा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा 1895 ला झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 ला. लोक टिळकांचंच मोठेपण सांगतात. तू म्हणायचीस, मधली वर्षं बघा. तेव्हा मला ते बायकांचं बोलणं वाटायचं.

त्या रविवारी मी प्रभुभोजन घ्यायला पुढे गेलो नाही. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाकडे जा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं मीच कितीदा लोकांना सांगितलंय. कमिटीचा माणूस बाकावरच बसून राहिला, तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. होऊ दे. बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभं राहून त्याला फोन लावला. उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य काय, तर “दादा, काय झालं? आईपप्पांना काही झालं का?” घराच्या खालच्या मजल्यावर तुम्ही आणि वर तो, आणि तुमची बातमी मी पिंपरीहून देणार! माझा फोन म्हणजे वाईटच असणार, एवढंच त्याला माहीत. मी क्षमा मागायला फोन केला होता आणि विचारलं काय, तर विहिरीवर मोटर कितीची बसवलीस. तो म्हणाला पाचची. मग कांद्याच्या भावाचं बोललो. बराच वेळ कुणीच ठेवेना.

मुद्द्याचं लिहितो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारला जोडून गुरुवार-शुक्रवार सुट्टी टाकली आहे. शुक्रवारी नेवाशाला रजिस्टर ऑफिसात जाऊ. आधार, पॅन आणि फोटो मी आणतो. ताजा सातबारा तेवढा काढून ठेवायला हवा. वकिलाकडचा जुना मसुदा असेल तर तोच चालेल, नवा करू नका. साक्षीदार दोन लागतात, एक आपले पाळकसाहेब येतील का ते विचारा. त्याला हे मीच सांगणार आहे, गुरुवारी रात्री, विहिरीवर. त्याआधी पप्पा, तुमच्या तोंडून चुकूनही जाऊ देऊ नका.

आणि आई, त्याच्या घरात कांदे शिल्लक असतील तर माझ्यासाठी एक गोणी विकत ठेवायला सांग. भाव तो सांगेल तो.

तुमचा,
थोरला