यादीत तुझं नाव आहे

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मतदानाचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "आई, जेलमधून आलेल्याला कुठे असतं मत? आणि असलं तरी माझ्या मताची कुणाला पडलीये?" तुला कामावर जायची घाई होती आणि हे घाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. सवडीने वाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते. असतं. इतकी वर्षं शाळा सांभाळून बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम केलंय, त्यामुळे हे कायदे मला तोंडपाठ आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५). तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही, एवढंच ते कलम म्हणतं. मनाई आहे ती आत असेपर्यंत. तू गेटबाहेर पाऊल टाकलंस आणि ती संपली. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कुणा साहेबाची सही लागत नाही, चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागत नाही. जामिनावर सुटलेला माणूससुद्धा मत देऊ शकतो. तू तर शिक्षा पुरी भोगून आलायस.

अपवाद आहे तो निवडणुकीतल्या गुन्ह्यांचा. मतांसाठी लाच देणं, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं, अशात दोषी ठरलेल्याचा मताधिकार सहा वर्षं जातो. तुझा गुन्हा तो नव्हता. आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटल्यावर सहा वर्षं निवडणुकीला उभं राहता येत नाही, हेही खरं. पण उभं राहणं वेगळं आणि मत देणं वेगळं. या दोन्हींची गल्लत भलेभले करतात. बराकीत तुला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं असणार, ते बहुधा यातूनच आलं असेल.

तू आत असताना घडलेलं एक तुला कधी सांगितलं नव्हतं. यादी तपासायला आपल्या भागाच्या बाई घरी आल्या होत्या. माझं नाव झालं, बाबांचं झालं, मग त्यांचं पेन तुझ्या नावाच्या ओळीवर येऊन थांबलं. खाली शाळेतला तुझा फोटो, कपाळावर केस आलेले. त्या मला विचारणार तेवढ्यात दारात उभे असलेले शेजारी म्हणाले, "तो आत आहे, काढून टाका नाव." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आत बसवलं आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगितलं. माणूस तुरुंगात आहे एवढ्यावरून तुरुंग हा त्याचा राहण्याचा पत्ता ठरत नाही, असं त्यात लिहिलंय. तुझा पत्ता आपलं घरच होतं. शिवाय २०१३ साली कलम ६२(५) मध्ये सुधारणा झाली: मतदानाची मनाई असली तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतोच. बाईंनी मान डोलावली आणि तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्या दिवसांत तुझ्याबद्दल चारचौघांत ताठ मानेने बोलता आलं, असे प्रसंग थोडेच होते. हा त्यातला एक.

नावाचं मला इतकं का, असं तुला वाटेल. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायकांना मत देता आलं नव्हतं. त्यांनी नावं सांगितली होती ती 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी, आणि स्वतःचं नाव नाही म्हणून त्या यादीतून गेल्या. प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून यादीतली ओळ खोडताना माझा हात जड होतो.

दुसरीकडे माणसं याच हक्कासाठी किती झगडतात ते बघ. अमेरिकेत हा कायदा राज्यागणिक बदलतो. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैद्याचं मत कधीच जात नाही, तो आतूनच मतदान करतो. फ्लोरिडात मात्र गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की सुटल्यावरही मत परत मिळत नसे. राज्यपालांपुढे दाद मागायची आणि वाट बघत बसायचं. डेसमंड मीड नावाचा माणूस स्वतः तुरुंगात जाऊन आलेला, काही काळ बेघर राहिलेला, नंतर कायदा शिकलेला. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी गावोगाव सह्या गोळा केल्या, आणि २०१८ साली लोकांनी जवळपास ६५ टक्के मतांनी राज्याची घटना बदलली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून बाकीच्यांना शिक्षा संपताच मत परत मिळेल असं ठरलं. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की कोर्टाचे दंड, शुल्क, भरपाई सगळं चुकतं केल्याशिवाय शिक्षा संपली असं धरायचं नाही. खिशात पैसा नाही त्याचं मत पुन्हा अडकलं. मला याचा फार राग येतो. शिक्षा झाली ती भोगली, मग माणसाला अर्धा नागरिक म्हणून जगायला का लावायचं?

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयापुढे १९९९ साली कैद्यांच्या मताचा खटला आला. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी निकालात म्हटलं की प्रत्येक नागरिकाचं मत ही त्याच्या प्रतिष्ठेची, माणूसपणाची खूण आहे. वर्णद्वेषी राजवटीत ते स्वतः एकांतकोठडीत राहिले होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कैद्यांवरची बंदी कायम ठेवली. बंदोबस्त, मनुष्यबळ, आणि माणूस स्वतःच्या वागण्याने आत गेला आहे, अशी कारणं दिली. न्यायालयाचा मान ठेवूनही मला ते पटत नाही. आणि का ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे.

तुझ्या मताची कुणाला पडलीये? २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यातली चारांत तीन कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, ती. मी तुरुंगात भेटायला आले की तू सांगायचास ना, एकाच्या तारखा नुसत्या पडतायत, कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, दुसऱ्याला जामीन झालाय पण जामीनदार नाही म्हणून तो आतच आहे. यातल्या एकालाही मत नाही. कच्चा कैदी आतून निवडणूक लढवू शकतो. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून निवडून आले होते. पण मत मात्र त्याला स्वतःलाही देता येत नाही. जिथे मतं नाहीत तिथे उमेदवार फिरकत नाही, सभा होत नाही, जाहीरनाम्यात ओळ येत नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद नव्या कायद्यात आली, १ जुलै २०२४ पासून. ती संसदेतल्या माणसांनीच केली, आणि ती माणसं मतांवर बसलेली असतात. आतलं पाहिलेला आणि हातात मत असलेला माणूस फक्त सुटून आलेला असतो. उमेदवार दारात आला तर त्याला तारखांबद्दल विचारणारा तुझ्याइतका जाणकार त्या गल्लीत कोण असेल, सांग.

तू एक बोलला नाहीस, पण मला कळतं. तुला लोकांसमोर जायची भीती वाटते. केंद्रात पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, पक्षांचे एजंट माना वर करतात, आणि कुणीतरी कुजबुजेल. कुजबुजेलही, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या हातातली यादी नीट पाहिलीयस का? अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. तू कुठे होतास याचा रकाना त्यात नाही. नाव पुकारलं, ओळखपत्र पाहिलं, डाव्या तर्जनीला शाई लागली, रजिस्टरवर सही झाली की तू आडोशामागे जातोस. बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. त्या पेटीत तुझी चिठ्ठी कुठली आणि कलेक्टरची कुठली, हे कुणालाही सांगता येत नाही.

तू जे केलंस ते चूकच होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. त्याची शिक्षा न्यायाधीशांनी ठरवली होती, तेवढी झाली. त्यात तू आपल्या हाताने भर घालू नकोस.

आता कामाचं. तू तिथेच राहणार असशील तर नावही तिथेच घे. दर वेळी रजा काढून इकडे यायचं म्हटलं तर मतदान चुकणारच. नवीन नावाचा सहा नंबरचा फॉर्म भरू नकोस, नाहीतर दुबार नोंद होईल. पत्ता बदलायला आठ नंबर आहे. आधारवर इथलाच पत्ता असेल, त्यामुळे बँकेचं पासबुक तिथल्या पत्त्याचं करून घे. भाडेकरार नोंदवलेला असेल तर तोही चालतो. यातलं काहीच नसलं तरी अडत नाही, बीएलओ खोलीवर येऊन खात्री करतो. घरमालकाला तेवढं सांगून ठेव. काही अडलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन लाव. ओळखपत्र हरवलंय म्हणालास, तेही याच फॉर्मवर पुन्हा मिळतं.

फॉर्म भरलास की संदर्भ क्रमांक येईल, तो मला पाठव. मी इथून बघत राहते, आणि तिकडच्या बीएलओंचा नंबर मिळाला तर त्यांच्याशीही बोलते. बाबांनी विचारलंय, दिवाळीला किती दिवसांची रजा आहे?

तुझी,
आई