एसएफआरए (स्वीप फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ॲनालिसिस, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा, वाइंडिंगचा, प्रतिसाद मोजणाऱ्या) चाचणीचा सदोष अहवाल मागे घेऊन फेरचाचणी करण्याबाबत

प्रति,
सेवा व्यवस्थापक, ट्रान्सफॉर्मर चाचणी विभाग

संदर्भ : १३२/३३ केव्ही, ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर

महोदय,

'कोअर अथवा वाइंडिंग सरकल्याची शक्यता. युनिट कारखान्यात नेऊन तपासावे' हा आपल्या अहवालातला शेरा आम्हाला मान्य नाही.

कारखान्यातल्या मूळ आलेखाशी तफावत आहे ती ओपन सर्किटमध्ये (दुसरे वाइंडिंग खुले ठेवून घेतलेल्या मोजमापात), २ किलोहर्ट्झच्या खाली. आर आणि बी दोन्ही फेजचे डिप (आलेखातले खड्डे) उजवीकडे सरकलेत. साइट रजिस्टरनुसार आपल्या पथकाने आधी डीसी वाइंडिंग रेझिस्टन्स घेतला आणि लगेच एसएफआरए. डीसीमुळे कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) चुंबकत्व उरते, मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स घटतो, रेझोनन्स वरच्या फ्रिक्वेन्सीला जातो. म्हणून एसएफआरए आधी घ्यायची. क्रम उलटला तर डीमॅग्नेटाइझ करून, म्हणजे ते चुंबकत्व काढून मगच. हे आम्ही तुम्हाला सांगावे लागते, हेच नवल.

एलव्ही (कमी दाबाचे वाइंडिंग) शॉर्ट केल्यावर कोअरचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. ते तिन्ही आलेख आपल्याच अहवालात एकमेकांशी ०.१ डीबीच्या आत जुळतात. एखादे वाइंडिंग ठळकपणे दबले असते, तर लीकेज इंडक्टन्समधला फरक इथे दिसला असता.

वाय फेजचा ओपन सर्किट आलेख तर विचारूच नका. तीन लिंबच्या (उभ्या खांबांच्या) कोअरमध्ये बाहेरच्या फेजना खालच्या पट्ट्यात दोन डिप येतात, मधल्या फेजला एक. अहवालात वायलाही दोन आहेत, तेही आर फेजशी तंतोतंत जुळणारे. लीड न हलवताच पुन्हा स्वीप (मोजमापाची फेरी) घेतलेला दिसतो, नाहीतर फाइलला नाव चुकीचे दिले असावे. पीडीएफ नको, उपकरणातल्या मूळ डेटा फाइल पाठवा.

५०० किलोहर्ट्झच्या वरची तफावतही वाइंडिंगच्या माथी मारू नये. आपल्याच फोटोत केबलच्या शील्डची अर्थिंग लांब, सैल वायरने टाकीच्या रंगवलेल्या बोल्टला केली आहे. ती सपाट ब्रेडने (विणलेल्या तारांच्या पट्टीने), बुशिंगला लागून सरळ खाली, फ्लँजवरचा रंग खरवडून करायची असते.

फेरचाचणी आपल्या खर्चाने व्हावी. कोअर डीमॅग्नेटाइझ करा, बुशिंगवरचे सगळे जंपर (जोडतारा) सोडवा, तेलाची पातळी नोंदवा. टॅप (व्होल्टेज बदलण्याच्या स्विचची स्थिती) मूळ चाचणीचाच हवा आणि तो कोणत्या बाजूने आणला तेही लिहा. सुरुवातीला दोन्ही लीड एकमेकांना जोडून तपासा. शेवटी जोडणी सोडून, पुन्हा जोडून पहिलेच मोजमाप परत घ्या. दोन आलेख एकावर एक बसले नाहीत तर पुढे जाऊ नका.

या शेऱ्यामुळे ट्रान्सफॉर्मर चार्ज करणे (वीजपुरवठ्याला जोडणे) अडले आहे. तो लेखी मागे घेईपर्यंत चाचणीचे बिल रोखून ठेवले आहे.

आपला,
विभागप्रमुख, विद्युत देखभाल