ए ला प्रवेश, एक्सला थांबा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मायना तुमच्या पद्धतीने लिहिला आहे, म्हणजे निदान पहिल्या ओळीला तरी तुम्ही नावं ठेवणार नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अजून किती वर्षं शिकणार आहेस तू?" मी हसून विषय बदलला. दुसरीही एक गोष्ट बरीच वर्षं सांगायची राहिली आहे आणि ती फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुमचा प्रश्न. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला, म्हणजे आपण करतो त्या ठरलेल्या चाली नेमक्या करून दाखवायच्या घोडेस्वारीला, उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्यांचं पहिलं ऑलिंपिक १९६४ चं, टोकियोतलं. तेव्हा ते घोड्यावरून उड्या मारायच्या स्पर्धेत होते. त्या हिशेबाने मी सत्तेचाळिसाव्या वर्षी अजून बालवाडीत आहे.

माझी सुरुवात आठवते? बाराव्या वर्षी मी घरी येऊन घोड्यावर बसायचंय म्हणाले, तेव्हा तुम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर भरधाव घोडा, उडणारी आयाळ असलं काहीतरी आलं असणार. प्रत्यक्षात पहिले आठ महिने मी लंजच्या, म्हणजे घोड्याला गोल फिरवायच्या लांब दोरीवर मोतीच्या पाठीवर बसून गोल गोल फिरत होते. हातात लगाम नाही, रिकिबीत पाय नाहीत. सर मधोमध दोरी धरून उभे. बाबा, तिसऱ्या महिन्यात तुम्हाला राहवलं नाही. "हिला घाण्याला जुंपलंय की काय?" असं तुम्ही आईला म्हणालात, आणि ते मला, सरांना, बहुतेक मोतीलाही ऐकू गेलं.

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. ज्याची मांड पक्की नाही तो तोल सावरायला लगामाला लोंबकळतो, आणि लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. आपण जरा डळमळलो की हिसका बसतो त्याच्या जिभेला. म्हणून आधी मांड, मग हात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये आजही नवीन मुलांना सुरुवातीला असंच लंजवर बसवतात. मला मात्र त्या वयात फक्त मांड्या सोलवटलेल्या कळत होत्या.

आई, तू तर घोड्याला घाबरायचीस. अजून घाबरतेस. पण पहिल्या स्पर्धेच्या पहाटे माझ्याच्याने आयाळीच्या वेण्या होईनात, तेव्हा तू पदर खोचून उलट्या बादलीवर चढलीस. ओल्या आयाळीच्या सारख्या बटा पाडल्यास, घट्ट वेणी घातलीस, ती दुमडून जाड दोऱ्याने खालून वर टाका घेतलास, परत दुमडलीस, परत टाका. तोंडाने सारखं चाललं होतं, "उभा रहा हं राजा, हलायचं नाही." मला वाटलं तू मोतीला धीर देते आहेस. तुझे हात पाहिले तेव्हा कळलं, धीर कुणाला चालला होता ते. अकरा वेण्या झाल्या, आणि गुण देताना जज त्यांच्याकडे बघतही नाहीत हे मी तुला कितीतरी वर्षांनी सांगितलं. "मग काय झालं, दिसायला नको?" म्हणालीस.

आणि तुझे कान! घोड्याकडे पाठ करून बाकावर बसायचीस, का तर बघवत नाही म्हणून. एकदा तबेल्यातून रिंगणाकडे जायच्या फरशीच्या वाटेवर मी तुफानला दुडकी चालवत नेत होते आणि तू मान न वळवता म्हणालीस, "आज एक पाय कमी वाजतोय." साधी चाल चार ठोक्यांची, कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची धाव तीन, दुडकी दोन, कर्णातले दोन पाय एकदम पडतात, त्यामुळे दोन्ही ठोके सारखे वाजायला हवेत. मला खोगिरावर बसून जे जाणवलं नाही ते तू पाठमोरी ऐकलंस. तेव्हा शिकवायला होते ते म्हणाले, अंग गरम झालं की सुटेल. तुझ्या हट्टापायी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चिमट्याने खूर दाबत नेला, एका जागी तुफानने पाय झटकन ओढून घेतला. तळव्यात पू झाला होता. तळवा थोडा खरवडल्यावर काळं पाणी बाहेर आलं. आठवड्याभरात तुफान ठणठणीत. गुणपत्रिकेत 'ताल' या शब्दापुढे मला कधी दहापैकी आठ मिळाले की मी ते मनातल्या मनात तुझ्या नावावर टाकते.

आता ती दुसरी गोष्ट.

बाबा, सुरुवातीच्या वर्गांत टेस्ट, म्हणजे कुठल्या अक्षराशी काय करायचं त्याची छापील यादी, वाचायला माणूस चालतो, आणि माझे वाचणारे तुम्ही. रिंगण २० बाय ४० मीटरचं, कडेने अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ, आणि मधोमध न लिहिलेला एक्स. "ए नंतर के? ही कुठली बाराखडी?" म्हणून तुम्ही आठवडाभर कुरकुरलात आणि मग माझ्याआधी पाठ केलीत. नियम असा की छापलंय तेवढंच वाचायचं. 'टाच खाली' नाही, 'शाब्बास' नाही; तसं काही बोललं तर ती बाहेरून मिळालेली मदत धरतात. घरात दर दोन वाक्यांमागे 'सांभाळून' म्हणणारा माणूस रिंगणाच्या काठावर ताठ उभा राहून नुसतं "ए ला प्रवेश, एक्सला थांबा, नमस्कार" वाचायचा. मला मात्र त्या प्रत्येक अक्षरात 'सांभाळून'च ऐकू यायचं.

मी एकोणीस वर्षांची होते. रात्रभर पाऊस पडून गेलेला, वाळू जड. मोतीबरोबरची माझी ती शेवटची टेस्ट. तुम्ही एक वर्तुळ गाळलंत आणि थेट कर्णावरून दिशा बदलायची ओळ वाचलीत. मी वळले. घंटा वाजली. जजनी थांबवलं, परत ई पासून सुरू करायला सांगितलं, गुण कापले. रिंगणाबाहेर सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणाले, "यापुढे तुम्ही वाचू नका." तुम्ही कागदाची नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवलीत. त्यानंतर खरंच कधी वाचलं नाहीत. मीही टेस्ट पाठ करू लागले, आणि पुढच्या वर्गांत तर वाचणारा चालतच नाही, त्यामुळे विषय आपोआप मिटल्यासारखा झाला.

बाबा, नियमाच्या पुस्तकात स्पष्ट आहे: वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं तरी चूक स्वाराचीच. हे मला तेव्हाही माहीत होतं. शिवाय ती टेस्ट मला पाठ होती. वर्तुळ गळलं हे मला ऐकतानाच कळलं होतं, आणि तरी मी वळले. का, ते सांगता येत नाही. बहुधा चुकलंच तर नाव घ्यायला कुणीतरी आहे, एवढं बरं वाटलं असेल.

आणि मागच्या महिन्यात आईने बोलता बोलता सांगितलं की तुम्ही त्या दिवशी कागदाकडे बघतच नव्हतात. कोपऱ्यावर मोतीचा मागचा पाय घसरला, तुमचे डोळे तिथेच राहिले आणि परत कागदावर आले ते एक ओळ सोडून. मला तो घसरलेला पाय आठवतही नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. चुकलं माझं, बाबा.

तर अजून किती वर्षं शिकणार? गेल्या महिन्यात तुफानबरोबर कँटरमधला फ्लाइंग चेंज, म्हणजे धावता धावता आघाडीची बाजू बदलणं, पहिल्यांदा स्वच्छ आला. कँटरच्या तीन ठोक्यांनंतर चारही पाय जमिनीपासून सुटतात, तेवढ्या क्षणात त्याने पुढचा-मागचा दोन्ही पाय बदलायचे. मी पाय लावायचा तो त्याच्या किंचित आधी. उशीर झाला की पुढचा बदलतो, मागचा तसाच राहतो. दोन वर्षं आम्ही उशिरानेच पोचत होतो. सात गुण मिळाले. आणि आता पाच वर्षांची चांदणी आली आहे, तिला सरळ रेषेत चालणं म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यामुळे मी पुन्हा वीस मीटरच्या वर्तुळावर. घाणा सुरूच आहे म्हणा ना.

चांदणीची पहिली टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. सर्वांत खालचा वर्ग, छोटं रिंगण, वाचणारा चालतो. मला पाठ आहे, पण तुम्ही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आवाज बारीक झालाय वगैरे सांगू नका. मला ऐकू येतो. आई, तुझ्यासाठी बाक रिंगणाकडे पाठ करून ठेवते. वेण्या मी घालेन, तू फक्त कान दे.

सोबत टेस्टचा कागद मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. एक आठवण: घोडी अक्षरावर पोचल्यावर नाही, आधीच्या अक्षराशी असतानाच पुढची ओळ वाचायची. ती घसरली तर खुशाल वर बघा. पुढचं काय ते मला माहीत असेल.

तुमची,
सोनू