पोलीस ठाण्यातल्या पहिल्या चोवीस तासांबद्दल: मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

माननीय महोदय,

राज्याचे गृहखाते आपण स्वतःकडे ठेवले आहे आणि इंदूर जिल्ह्याचे प्रभारी मंत्रीही आपणच आहात. इंदूरच्या पोलीस ठाण्यांबद्दल जे विचारायचे, ते म्हणूनच थेट आपल्याला विचारते आहे. मी या शहरात वकिली करते. विधिक सेवा प्राधिकरणाच्या वतीने, ज्यांना वकील परवडत नाही अशा अटकेतल्या माणसांची बाजूही मी मांडत आले आहे. खटला न्यायालयात चालतो हे खरे, पण या माणसांचे पुढे काय होणार हे बहुतेक वेळा त्याआधीच, ठाण्यातल्या पहिल्या चोवीस तासांत ठरून गेलेले असते. त्या चोवीस तासांत काय घडले याचा भरवशाचा पुरावा नागरिकाच्या हाती पडला पाहिजे, या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. त्याची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे, कारण इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये पोलीस आणि कोठडी हा विषय दुसऱ्या कुणाचा तरी आहे असे समजले जाते, आणि हा समज मला घातक वाटतो.

इंदूरच्या शेजारीच महू आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे होणारी गर्दी आपण पाहिली आहे. त्या जन्मभूमीचा मान राखायचा, तर बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत काय मांडले तेही आठवले पाहिजे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे कलम तोवर मंजूर झाले होते, पण त्यात ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच संरक्षण उरले होते, आणि कायदेमंडळ उद्या कोणतीही कार्यपद्धती प्रस्थापित करील, ही भीती अनेक सदस्यांनी बोलून दाखवली होती. त्या उणिवेची भरपाई म्हणून बाबासाहेबांनी १५-अ हे नवे कलम आणले, आणि आजचा अनुच्छेद २२ तो हाच. अटकेचे कारण सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्या, हे त्यांनी त्या वेळी स्वतःच सांगितले होते. तरीही त्या संविधानात घालायच्या, त्या अशासाठी की पुढे कोणत्याही संसदेला किंवा विधानसभेला त्या साध्या कायद्याने पुसून टाकता येऊ नयेत. संसदेच्याही हाताबाहेर ठेवलेली ही तरतूद एखाद्या ठाण्याच्या रात्रपाळीत सहज बाजूला सारली जात असेल, तर तो दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

कायद्याच्या पुस्तकात उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक ज्ञापक म्हणजे अटकेची लेखी नोंद, नातेवाइकाला कळवणे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी असे अकरा निर्देश दिले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात, अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा आणि ती दर्शनी भागात लावणारा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. कलम ४८ नुसार अटकेची आणि कोठे ठेवले आहे याची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब द्यायची आहे. असे असूनही मुलगा घरी आला नाही म्हणून एखादी आई ठाण्याच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला ‘इथे कोणी आणलेले नाही’ असे उत्तर मिळते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा न्यायालयात हजर केला जातो तेव्हा कागदावर अटकेची वेळ त्याच सकाळची असते. हे मधले तास कोणत्याच रोजनामच्यात नसतात. कायद्याने घालून दिलेले चोवीस तास मोजायचे ते त्या कागदावरच्या वेळेपासून, त्यामुळे ते कधी ओलांडलेच जात नाहीत.

अशा एका प्रकरणात मी स्वतः वकील होते. अलीराजपूरकडून बांधकामाच्या कामावर आलेल्या एका तरुण मजुराला चोरीच्या संशयावरून संध्याकाळी उचलले गेले, असे त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांचे म्हणणे होते. अटक दाखवली गेली ती दुसऱ्या दिवशीची, आणि तळपायावरच्या वळांचे कारण ‘पळताना पडला’ असे नोंदवलेले होते. ठाण्याच्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे असा अर्ज आम्ही वेळेत दिला, त्याची पोचही आमच्याकडे होती. बऱ्याच दिवसांनी लेखी उत्तर आले, की त्या काळात हार्ड डिस्क बिघडलेली असल्याने चित्रण उपलब्ध नाही. त्या ठाण्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझे भांडण एका ठाण्याशी नाही. हेच उत्तर वेगवेगळ्या वकिलांना वेगवेगळ्या ठाण्यांतून मिळत आले आहे, आणि ते देणाऱ्या कोणालाही त्याची किंमत मोजावी लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या उत्तराला जागाच राहू नये, म्हणून २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने सविस्तर आदेश दिला आहे. ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठड्या, मार्गिका, व्हरांडा, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागा, यांपैकी काहीही कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये. रात्रीही दिसले पाहिजे, आणि चित्राबरोबर आवाजही नोंदला गेला पाहिजे. चित्रण अठरा महिने जपायचे, आणि तशी उपकरणे बाजारात मिळतच नसतील तरी एक वर्षाहून कमी नाही. उपकरण बिघडले तर ते ठाणे प्रभारीने ताबडतोब जिल्हा देखरेख समितीला कळवायचे, आणि त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्या जोडीला शहराचे महापौरही असले पाहिजेत. महापौरांना तिथे बसवण्यामागे मला एक मोठा विचार दिसतो: ठाण्यावर लक्ष ठेवण्याच्या कामात लोकांनी निवडून दिलेला माणूस असला पाहिजे. स्वच्छतेसाठी देशभर नाव मिळवलेल्या आमच्या शहरात कचऱ्याची गाडी आली नाही तर नागरिक झोनल कार्यालयात जाऊन जाब विचारतो. ठाण्याचा कॅमेरा बंद असला तर जाब कोणाला विचारायचा, आणि ही समिती शेवटची कधी बसली, हे त्याच नागरिकाला कोणीही सांगितलेले नाही.

४ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयाची स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षी सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची शेजारच्या राजस्थानातली बातमी त्याला निमित्त ठरली. पण आपल्याला राजस्थानकडे बोट दाखवता येणार नाही. आपल्याच गुना जिल्ह्यात २०२४ च्या जुलैमध्ये म्याना ठाण्याच्या कोठडीत पारधी समाजातला एक तरुण मरण पावला, आणि १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्याचा तपास राज्याच्या पोलिसांकडून काढून सीबीआयकडे सोपवावा लागला. राज्याच्या यंत्रणेला आपल्याच माणसांची निष्पक्ष चौकशी करता येईल असा विश्वास देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वाटला नाही. गृहमंत्री म्हणून आपल्याला याची खंत वाटत असेल असे मी मानते, आणि त्या विश्वासानेच पुढचे लिहिते.

इंदूरमध्ये एक अडचण जास्तीची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इथे पोलीस आयुक्तालय आले. तोवर प्रतिबंधक कारवाईत, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून, अटक झालेल्या माणसाला महसूल खात्यातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाई. तो अधिकारी पोलिसांचे ऐकत नसे असे मी म्हणणार नाही, पण त्याची बढती पोलीस खात्याच्या हातात नव्हती. आता ते काम सहायक पोलीस आयुक्त करतात. अटक करणारा, अटकेची गरज होती असे सांगणारा आणि जामीनपत्र घ्यायचे की तुरुंगात पाठवायचे हे ठरवणारा, हे तिघेही एकाच खात्याचे, एकाच साखळीतले. शहराच्या बंदोबस्तासाठी आयुक्तालयाची गरज होती की नाही, या वादात मला पडायचे नाही. अधिकार वाढले, तर त्यांच्यावरची देखरेखही वाढायला हवी होती, आणि ती वाढली नाही, हे मात्र आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. राज्यात अजूनही १८६१ चा पोलीस कायदा चालतो. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण असावे, हा प्रकाश सिंह प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश २२ सप्टेंबर २००६ चा आहे. न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचे, हाताशी स्वतःचे तपासनीस असलेले असे प्राधिकरण इंदूरला मिळावे, ही मागणी आता जुनी झाली आहे, तरी ती इथे पुन्हा करते.

एक गोष्ट अशी आहे जिच्यात पोलिसांइतकेच आम्ही नागरिकही भागीदार आहोत, आणि ती लिहिताना मला क्लेश होतो. एखादा गाजलेला गुन्हा घडला की आरोपींचा ‘जुलूस’ काढला जातो. त्याच मोहल्ल्यातून त्यांना लंगडत चालवायचे, कान धरायला लावायचे, लोकांनी मोबाइलवर चित्रण करायचे आणि टाळ्या वाजवायच्या. त्या गर्दीत माझ्या ओळखीचे, मुलांना सचोटी शिकवणारे लोक मी पाहिले आहेत. ज्याचा दोष अजून सिद्ध झालेला नाही त्याला दिलेली ही शिक्षा कोणत्या कायद्यात बसते, याचे उत्तर कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला देता येणार नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्या कुटुंबालाही यातून काही मिळत नाही, उलट आरोपींचे चेहरे आधीच सर्वांनी पाहिलेले असल्याने, साक्षीदाराकडून आरोपी ओळखून घेण्याच्या ओळख परेडीवर खटल्याच्या वेळी बोट ठेवायला बचाव पक्षाला आयतेच कारण मिळते. हे जुलूस थांबवण्याचा लेखी आदेश काढणे आपल्या एका सहीचे काम आहे.

आता भाषेविषयी. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी दिली पाहिजेत असे सांगितले. इंदूरच्या बांधकामांवर झाबुआ, अलीराजपूर, धार आणि बडवानीकडची भिली, भिलाली, बारेली बोलणारी हजारो माणसे राबतात. त्यांच्यापैकी अनेकांना हिंदी कामापुरती येते, पण कायद्याची हिंदी येत नाही, आणि वाचता तर कित्येकांना कोणतीच लिपी येत नाही. अशा माणसाचा अंगठा हिंदी कागदावर घेतला की नियम पाळल्याची नोंद होते, पण त्याला काय कळले? उपाय अवघड नाही. त्या भाषा बोलणारे आरक्षक म्हणजे शिपाई आपल्या दलात आहेत, त्या जिल्ह्यांतले शिक्षक आणि विधिक सेवेचे स्वयंसेवक आहेत. कारणे त्याच्या बोलीत वाचून दाखवावीत आणि ते वाचन ठाण्याच्या कॅमेऱ्यासमोर, आवाजासह नोंदले जावे, म्हणजे पुढे न्यायालयाला कागद न पाहताही ठरवता येईल, की त्या माणसाला खरोखर सांगितले होते की नाही.

ज्या ठाण्यात तक्रारीच्या काळातले चित्रण मिळत नाही, तिथे ‘बिघाड होता’ हे उत्तर पुरेसे मानू नये. बिघाड त्याच दिवशी समितीला कळवल्याचा पुरावा नसेल, तर ठाणे प्रभारी म्हणजे टीआय व्यक्तिशः जबाबदार धरला जावा आणि त्याच्या सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी. याखेरीज दुसरे काहीही उपयोगी पडणार नाही, असे मला या व्यवसायातल्या अनुभवाने वाटते. प्रामाणिक पोलिसालाही याचाच आधार आहे. रंगपंचमीच्या गेरीत म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीत तासन्‌तास उभा राहणारा आरक्षक जेव्हा खोट्या आरोपात अडकतो, तेव्हा त्याला सोडवणारा पुरावाही त्याच कॅमेऱ्यात असतो. तो कॅमेरा बंद ठेवणारा वरिष्ठ त्यालाही उघड्यावर सोडत असतो.

इंदूर आयुक्तालयातल्या प्रत्येक ठाण्यात आज किती कॅमेरे चालू आहेत, किती बंद आहेत, आणि देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्ते कुठे पाहायला मिळतील, एवढ्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आपल्या कार्यालयाकडून मिळावीत. ती खासगीत मला न कळवता जाहीरपणे, प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावली जावीत, अशी विनंती आहे.

आपली,
इंदूर जिल्हा न्यायालयातील एक वकील