खाणकचऱ्याच्या ढिगाऱ्यांची तपासणी पायाखालून सुरू व्हावी : खाणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय खाणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

खाणीतून निघणारा निरुपयोगी दगड आणि माती ज्या ढिगाऱ्यांत रचली जाते, त्यांच्या उताराचे स्थैर्य तपासण्याच्या रूढ पद्धतीतील एका उणिवेकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मंजुरीसाठी येणाऱ्या अहवालात ढिगाऱ्याची उंची, उताराचा कोन आणि सुरक्षा गुणांक एवढे नमूद असले की काम झाले, असे अनेकदा मानले जाते. हा गुणांक म्हणजे घसरणीला होणारा विरोध आणि घसरण घडवू पाहणारे बल यांचे गुणोत्तर. तो १.३ किंवा १.५ आला की सर्वांचे समाधान होते. मात्र तो कोणत्या गृहीतकांवरून काढला, हे फारसे कोणी विचारत नाही.

डंपरने वरून ओतलेला कचरा साधारणतः ३५ ते ४० अंशांच्या नैसर्गिक कोनात स्थिरावतो. याचा अर्थ असा की, अशा उताराच्या अगदी वरच्या थराचा गुणांक मुळातच एकच्या आसपास असतो आणि तेथे थोडीफार पडझड होणारच. पायथ्याशी पुरेशी मोकळी जागा राखली, तर ती बहुधा हाताळता येते. खरी भीती आहे ती खोलवरच्या घसरणीची, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा ढिगाऱ्यापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीत असते. वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा शाळेवर आणि घरांवर कोसळून १४४ जणांचा बळी गेला, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता आणि तेथील झरे नकाशांवर आधीपासून दाखवलेले होते. झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी २३ कामगार दगावले, तेव्हा ढिगाऱ्यासोबत त्याखालची जमीनही सरकली होती. केवळ उताराचा कोन मोजून यांपैकी कोणताही धोका दिसला नसता.

पायाखाली ओली चिकणमाती असेल, तर भार टाकण्याचा वेगही निर्णायक ठरतो. भर झपाट्याने पडली की मातीच्या छिद्रांतील पाण्याला निचऱ्यासाठी वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि मातीची ताकद घटते. त्यामुळे सावकाश रचल्यास उभा राहणारा ढिगारा तेवढ्याच उंचीवर घाईने रचल्यास कोसळू शकतो. असे असूनही दरमहा किती भर टाकायची, हा प्रश्न निव्वळ उत्पादनाचा मानला जातो. तो आराखड्याचा भाग असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

ढिगाऱ्यातील कचऱ्याची ताकदही समजते तितकी खात्रीची नसते. प्रयोगशाळेतील पेटीत मोठे धोंडे मावत नाहीत, म्हणून ते वगळून उरलेल्या बारीक भागाची चाचणी होते. शिवाय वरच्या वजनाने दगडांच्या कडा चुरडत असल्याने उंच ढिगाऱ्याच्या तळाशी घर्षणकोन, म्हणजे कणांमधील घर्षणातून मिळणाऱ्या विरोधाचे माप, कमी होतो, आणि शेलसारखा चिखलाच्या थरांपासून बनलेला खडक तर हवा-पाण्याने काही काळातच मातीत बदलतो. मंजुरीच्या दिवशी मोजलेली ताकद दहा वर्षांनी तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. गणनेसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरले, ही त्या मानाने दुय्यम बाब आहे.

अलीकडे रडार बसवले की मूल्यमापनाची गरजच उरली नाही, असा सूर ऐकू येतो. रडार हालचाल सुरू झाल्यावर सूचना देते. ती का सुरू झाली, हे सांगत नाही. शिवाय सूचना मिळताच काम थांबवण्याचा अधिकार त्या पाळीतील कोणाला आहे, हे लेखी ठरलेले नसेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो.

आपल्याकडे विनंती एवढीच की, प्रत्येक मोठ्या ढिगाऱ्यासाठी पायाच्या जमिनीचे बोअरहोल आणि जुने जलप्रवाह यांची नोंद मंजुरीपूर्वी सक्तीची करावी, पाण्याचा दाब मोजणारे पीझोमीटर बसवून त्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून गुणांक दर पावसाळ्यानंतर आणि उंची वाढवण्याआधी पुन्हा काढून घ्यावा, आणि ही पडताळणी ज्यांचा खाणीच्या उत्पादनाशी संबंध नाही अशा तज्ज्ञांकडे सोपवावी. त्यांचे अहवाल पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना मागणी न करताही पाहायला मिळावेत.

आपला विश्वासू,
एक भू-तांत्रिक अभियंता