आई-बाबा, मी शनिवारी सकाळी पोहोचते आहे

दादर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी दोनदा विचारले, की तुझा आवाज असा का येतो आहे, आणि दोन्ही वेळा मी सर्दीचे कारण सांगितले. सर्दी नव्हती. जे सांगायचे होते ते फोनवर सांगता आले नसते, कारण आई गप्प झाली असती आणि आईच्या गप्प बसण्यापुढे माझे काही चालत नाही. म्हणून लिहिते आहे. मी बँकेतील नोकरीचा राजीनामा दिला असून तो मंजूर झाला आहे. पुढील महिन्याच्या एक तारखेपासून आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, चालवलेल्या निराधार मुलींच्या घरात मी गृहमाता म्हणून राहायला जाणार आहे. आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण तुम्ही नको म्हटले असते, आणि मग तुमचा शब्द मोडून मला जावे लागले असते. ते माझ्याने झाले नसते.

तीन वर्षे मी शनिवारी रात्री ‘मंडळीच्या कामाला’ जाते, एवढेच तुम्हांला सांगत आले. आम्ही पाच-सहा जण उपासना मंदिरातून खिचडीचे डबे, चहाचा थर्मास आणि मलमपट्टीची पेटी घेऊन निघतो आणि दादर स्थानकालगतच्या पुलाखाली जाऊन जमिनीवर बसतो. बसणे महत्त्वाचे आहे, कारण तिथे राहणाऱ्या मुलामुलींशी उभे राहून बोलणारी माणसे बहुधा त्यांना तिथून उठवायलाच आलेली असतात. मुले लवकर ओळख देतात. मुली दिसतच नाहीत. त्या केस बारीक कापून मुलांचे सदरे घालतात, रात्रभर जाग्या राहतात आणि दिवसा लोकलच्या बायकांच्या डब्यात बसून झोप काढतात, कारण चालत्या गाडीत चार बायकांमध्ये झोपणे फलाटावर झोपण्यापेक्षा सुरक्षित असते, हे त्या शिकलेल्या असतात. ज्यांच्याकडे बोट दाखवून लोक ‘गर्दुल्ले’ म्हणतात, त्यांतील एकाने मला सांगितले होते, की व्हाइटनरचा बोळा नाकाशी धरला की भूकही लागत नाही आणि थंडीही वाजत नाही. तो एकोणीस वर्षांचा होता, बाबा. तुमच्या वर्गात बाकावर बसला असता तर तुम्ही त्याच्या अक्षराचे कौतुक केले असते, इतके त्याचे अक्षर सुंदर आहे.

कायद्याची काळजी तुम्ही करणार, हे ठाऊक असल्यामुळे तेही लिहिते. अठरा वर्षांखालील मूल सापडले तर त्याला परस्पर आपल्याकडे ठेवून घेता येत नाही. १०९८ या क्रमांकावर कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील ही तरतूद आम्ही काटेकोरपणे पाळतो. माझा जीव गुंतला आहे तो ज्यांची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली आहेत त्या मुलींत. बालगृहात वाढलेल्या मुलीला वाढदिवसानंतर ते घर सोडावे लागते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या मदतीची, सोय कायद्यात आहे, पण कायद्यातली सोय आणि रात्री दहा वाजता हातात पिशवी घेऊन फलाटावर उभी असलेली मुलगी यांची गाठ पडतेच असे नाही. आमच्या घरात अशा आठ मुली राहतात. नवव्या मुलीसाठी जागा नाही.

आणि याच ठिकाणी मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पाळकांखेरीज कोणालाही सांगितलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी स्वतः होऊन माझ्याजवळ आली. आजवर कोणी मुलगी स्वतः होऊन आली नव्हती. ती म्हणाली, “ताई, आजची रात्र ठेवून घ्याल का?” मी म्हणाले, जागा नाही, पुढच्या शनिवारी नक्की पाहू. तिने मान हलवली, खिचडी घेतली नाही आणि ती निघून गेली. पुढच्या शनिवारी ती नव्हती. त्यानंतरच्याही नव्हती. मी मधल्या दिवशीही जाऊन पाहिले, पहिल्या लोकलच्या वेळेस जाऊन पाहिले. बाबा, शब्बाथ शाळेत तुम्ही आम्हांला लंडनच्या डॉ. बर्नार्डोंची गोष्ट सांगत होता. १८७० साली त्यांनी मुलांसाठी घर काढले, एका रात्री घर भरले म्हणून त्यांनी एका मुलाला परत पाठवले आणि काही दिवसांनी तो मेलेला सापडला. तेव्हापासून निराधार मुलाला इथून परत पाठवले जाणार नाही, अशी पाटी त्यांनी लावली. तुम्ही ती गोष्ट सांगताना नेहमी खिडकीबाहेर पाहत असा. आता मला कळते, तुम्ही एसटी स्टँडच्या दिशेने पाहत होता, जिथला एक मुलगा आपल्या घरी राहून तुमचे घड्याळ घेऊन निघून गेला होता. घड्याळाबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत, पण पुढे वर्षभर शाळेतून येताना स्टँडवरूनच फिरून येत राहिलात, हे मला आणि दादाला, दोघांनाही दिसत होते.

म्हणून मी तिथे राहायला जाते आहे. गृहमाता मुक्कामाला असली तर दारामागची खोली उघडता येईल आणि एका रात्रीपुरती कोणी आली तर तिला आत घेता येईल. हे शनिवारच्या चार तासांत होणारे काम नाही. एका मुलीला क्षयाचे औषध सुरू आहे. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या असतात आणि दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागले की नेमक्या तेव्हाच मुली त्या सोडतात. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात, पण ते बँकेच्या खात्यात येतात. खात्याला आधार लागते आणि आधारला पत्ता. निवाऱ्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावर तिचे आधार निघाले आणि खाते मी स्वतः उघडून दिले. बँकेत घालवलेली अकरा वर्षे वाया गेली, असे म्हणू नका.

आजोबा कोडोलीहून पायी कोल्हापुरात आले तेव्हा त्यांना झोपायला बोर्डिंग मिळाले नसते, तर आपले घरच उभे राहिले नसते. शाहू महाराजांनी १९०१ साली पहिले वसतिगृह काढले आणि मग प्रत्येक समाजासाठी काढत गेले, कारण मुलाला पाठ टेकायला जागा नसेल तर त्याला पाटी देऊन उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. आजोबा बोर्डिंगच्या आमटीची चव सांगताना किती वेळ लावायचे! मी जे करते आहे ते परके नाही, आई, ते आपल्याच घरातले आहे.

लोक काय म्हणतील, हे बाबा विचारणार नाहीत, पण त्यांच्या मनात येईल. आम्ही या मुलींना प्रभूविषयी सांगतो, हे मी लपवणार नाही; ज्याने मला उभे केले त्याचे नाव मी का लपवावे? परंतु आमच्या घरात सकाळच्या प्रार्थनेला बसणे कोणालाही बंधनकारक नाही. जेवण प्रार्थनेवर अवलंबून नाही आणि आमच्या छपराखाली राहत असेपर्यंत कोणाचाही बाप्तिस्मा करायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. भुकेल्या माणसाचे ‘हो’ हे ‘हो’ नसते. तुम्ही मला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये नेले होते तेव्हा सांगितले होते, की १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून त्यांच्या शारदा सदनातील मुली पालकांनी काढून नेल्या आणि तरीही पुढच्या दुष्काळात रमाबाई उपाशी मुलींना शोधत मध्य प्रांतात गेल्या. संशय वाट्याला येणार, हे मी धरून चालले आहे. आमचे हिशेब आणि आमचे दार दोन्ही उघडी असतात.

आता माझ्या खाण्यापिण्याचे सांगते. मला स्वतंत्र खोली आहे. लहान आहे, पण तिला पूर्वेकडे खिडकी आहे. पंखा नवीन आहे. पाणी पहाटे दोन तास येते आणि टाकी मोठी आहे. दाराला आतून दोन कड्या आहेत आणि रात्रीचा पहारेकरी आहे. रात्री पुलाखाली मी कधीही एकटी जात नाही, पुढेही जाणार नाही. आईने दिलेली गोधडी, कांदा-लसूण चटणीची बरणी आणि भडंगाचा डबा माझ्याबरोबर येणार आहेत, जरी भडंग आठ मुलींत किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही. मानधन पगाराच्या चौथ्या हिश्शाइतकेही नाही, पण मला खर्च कोणता आहे? तुमच्या आरोग्य विम्याचा हप्ता पुढील मार्चपर्यंत भरला आहे आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीतून तुमच्या नावे ठेव करते आहे. दादाशी बोलले आहे. तो रागावला, पण फोन ठेवला नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे आणि ती लिहायला मला तीन दिवस लागले. माझी कोल्हापूरची बदली मंजूर झाली होती. एप्रिलमध्येच. आई, तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, कपाट रिकामे केलेस, आणि मी दर रविवारी ‘अजून कळले नाही’ असे सांगत राहिले. ते खोटे होते आणि त्यासाठी मी तुझी क्षमा मागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आपल्या पायरीपर्यंत आले, महामार्ग बंद झाला आणि मी इथे नुसता फोन धरून बसले होते. तेव्हाच मी ठरवले होते, की आता तुमच्याजवळ यायचे. तो निश्चय मी मोडला, कारण तुमच्या उशाशी दादा पुण्याहून पाच तासांत पोहोचेल, मावशी राजारामपुरीहून दहा मिनिटांत येईल, आणि त्या मुलीकडे कोणीही येणार नव्हते. तुमच्यावरची माया कमी झाली, असे कृपा करून मनात आणू नका. अजूनही ताप आला की मला तुझ्या पदराचा वास हवा असतो.

आता ऐका. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली, की त्याच दिवशी मावशीकडे जायचे. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही आणि ‘आपल्याकडे पाणी येत नाही’ हे बाबांचे वाक्य मला ऐकायचे नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच, आणि टाकी बघायला गच्चीवर चढायचे नाही. मोतीबिंदूची तारीख या वेळी पुढे ढकललीत तर मी स्वतः येऊन नेईन. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी मी सुट्टी घेऊन येणारच आहे, तेव्हा तुम्ही रांगेत उभे राहू नका. आई, खाली बसून भाकरी थापणे आता बंद. ओट्याशी उंच स्टूल आणून ठेवले आहे, त्यावर तू रद्दी ठेवतेस, हे मला माहीत आहे.

शुक्रवारच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघते आहे, शनिवारी सकाळी पोहोचेन. रागवायचे असेल तर समोर बसून रागवा. माझ्याबरोबर आमच्या घरातील एक मुलगी असेल, क्षयाचे औषध घेणारी. तिची थुंकीची तपासणी आता स्वच्छ आली आहे, त्यामुळे काळजी नसावी. तिने रंकाळा फक्त माझ्या फोनवर पाहिला आहे. तिला घरचे कोण, गाव कोणते, असे काही विचारू नका, बाबांनी तर मुळीच नाही. आणि आई, तिला भूक लागली आहे का, असे विचारू नकोस, ती नाहीच म्हणते. ताट वाढून तिच्यासमोर ठेव आणि तूही तिच्याबरोबर जेवायला बस.

तुमची,
बेबी