मिरचीची धुरी आणि आमची मुलं : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

मी ऐरोलीत राहते. ठाण्यातल्या एका शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. सोमवारी कौपिनेश्वराचं दर्शन चुकवत नाही, संकष्टी धरते, घरात गौरी-गणपती आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून ही बाई देवधर्म बुडवायला निघाली आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

2016 च्या मे महिन्यात माझ्या मुलाने मला सांगितलं की त्याला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. तो तेव्हा 19 वर्षांचा होता. ओट्याशी उभा राहून बोलला. मी कणीक मळत होते, हात तसेच परातीत राहिले. नंतरचे आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग नणंदेने घोडबंदर रोडकडच्या एका बाबांचा दरबार सुचवला. "बाहेरचं काहीतरी लागलंय, वहिनी, दोन गुरुवारात उतरेल," म्हणाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना शाळेत बोलावून, लिंबातून 'रक्त' कसं काढतात ते मुलांना दाखवणारी मी. मी हो म्हटलं.

पत्र्याची शेड होती. दाराशी टेबलावर 1,101 रुपयांची पावती फाडली, ती मीच फाडली. मुलाचे हात सुतळीने मागे बांधले. पाटीत निखारे होते, त्यावर मूठभर सुक्या लाल मिरच्या टाकल्या आणि त्याच्या डोक्यावरून घोंगडी ओढून पाटी खाली सरकवली. तो खोकत होता, घोंगडीतून दोनदा "आई" म्हणाला. मी समोर हात जोडून बसले होते. बाबा विचारत होते, "कोण आहेस तू, सोडतेस की नाही?" माझा मुलगा काय उत्तर देणार? रिक्षातून परत येताना त्याने दोन्ही हात सॅकखाली लपवले होते. घरी मनगटांवरच्या वळांना खोबरेल लावायला गेले, तर त्याने हात मागे घेतला. त्या वर्षीची परीक्षा त्याने दिली नाही.

आता हे तुम्हाला का लिहिते, ते सांगते.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी ज्या कायद्यासाठी उभी हयात घालवली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. मी त्याची अनुसूची पहिल्यांदा वाचली ती 2017 मध्ये, मुलाने माझ्यासमोर मोबाईल धरला तेव्हा. पहिल्याच कलमात लिहिलंय : भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरखंडाने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. अक्षरशः मिरचीची धुरी. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. माझ्या मुलावर जे झालं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आधीच शब्दाशब्दांत लिहून ठेवलं होतं.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. कायद्याप्रमाणे दक्षता अधिकारी असायला हवा, तो कोण हे तिथे कुणाला सांगता आलं नाही. ज्यांच्यासमोर बसवलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच घेऊन गेला होतात ना? आणि भूत कशाचं, ते लिहावं लागेल. मग 377 पण निघेल. पोराचं करिअर बघा." समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 वे कलम तेव्हा जिवंत होतं. आम्ही उठलो. ज्याला मार बसला, त्यालाच गुन्हेगार ठरण्याची भीती घालून परत पाठवलं होतं.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती भीती काढून टाकली. आपल्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. टीव्हीवर ते ऐकताना मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याने काही मागितलं नाही, पण मी माफी मागितली. इतिहासाचं काय ते इतिहास बघेल, पावती मी फाडली होती.

मंत्रीमहोदय, त्यानंतर मी आमच्यासारख्या पालकांमध्ये जाऊन बसू लागले. महिन्यातून एकदा वाशीत कुणाच्या तरी घरी आम्ही जमतो. चहा होतो, रडणंही होतं. तिथे मला कळलं की तो पत्र्याचा दरबार आमच्याच धर्मात आहे असं नाही. मुंब्र्याच्या एका बाईंनी आपलं मूल, मुलगा म्हणून जन्मलेलं आणि लहानपणापासून स्वतःला मुलगी समजणारं, एका मौलवींकडे नेलं होतं. दम केलेलं, म्हणजे दुआ पढून फुंकलेलं पाणी पाजलं, चाळीस दिवस खोलीला कडी. ती पोर एकेचाळिसाव्या दिवशी निघून गेली. आज ती तुर्भ्याकडे तृतीयपंथीयांच्या गुरूपाशी राहते आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागते. ठाणे ते ऐरोली मी याच गाडीने जाते. आपल्या मुलीच्या हातावर पैसे ठेवायला तिची आई कधी कधी मुद्दाम त्या गाडीत चढते. वसईच्या एका कुटुंबाने मुलीला प्रार्थनाभवनात ठेवलं, सैतान निघावा म्हणून उपास घडवले. तिच्याबद्दल जास्त लिहायची तिच्या आईची इच्छा नाही, म्हणून इथेच थांबते.

एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे या एका गोष्टीवर एक होतात, हे काही घरांपुरतं नाही. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 377 मधून आमच्या मुलांना सोडवलं, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेलं? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना. 11 डिसेंबर 2013 ला ते जिंकले. 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या मागणीला जमियत उलमा-इ-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती, दोघांनी विरोध केला. जे कलम वाचवायला ही मंडळी धावली ते ना वेदातलं, ना कुराणातलं, ना बायबलमधलं. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेलं 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतलं ते कलम.

आमच्या बाजूचे लोकही धर्माचे दाखले देतात. अर्धनारीनटेश्वर, शिखंडी, बृहन्नडा. मला ते मनापासून प्रिय आहेत, मुलाला झोपवताना मी बृहन्नडेची गोष्ट सांगितलेली आहे. पण सरकारपुढे मी ते दाखले ठेवणार नाही. महाभारतात शिखंडी आहे म्हणून माझ्या मुलाला हक्क मिळत असेल, तर उद्या कुणी उलटा श्लोक काढला की तो हक्क जाईल. शासनाने श्लोकाचा अर्थ लावायचाच नाही, याला मी धर्मनिरपेक्ष शासन म्हणते. घटनेचं 25 वं कलम धर्माचं स्वातंत्र्य देतं, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवूनच देतं. आणि आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही रेघ फार नेमकी ओढली आहे. प्रदक्षिणा, वारी, हरिपाठ, कीर्तन, भजन, देवळातले, दर्ग्यातले, चर्चमधले विधी, ज्यांनी कुणाच्या अंगाला इजा होत नाही, ते सगळं त्यात मोकळं आहे. मिरचीची धुरी मोकळी नाही. विधेयकाला वर्षानुवर्षं विरोध करणाऱ्यांनी वारी बंद पडेल असं सांगून लोकांना घाबरवलं होतं. वारी चालू आहेच.

म्हणून गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका मैदानावर जे झालं, ते फार लागलं. मोठा मांडव होता, दोन संध्याकाळी प्रवचन. दुसऱ्या दिवशी महाराजांनी व्यासपीठावरून सांगितलं की असली मुलं म्हणजे बाधा आहे, आईबापांनी वेळीच उतरवून घ्यावी. पहिल्या रांगेत सत्तेतले एक लोकप्रतिनिधी बसले होते. नाव लिहीत नाही. प्रवचन संपल्यावर ते वर गेले, शाल-श्रीफळ दिलं, पाया पडले. ते भक्त म्हणून गेले असते तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. ते सत्तेच्या दिमाखात, बंदोबस्तासह, पदाच्या नावाने पुकारले जाऊन गेले. माझ्या मागच्या खुर्चीवर एक जोडपं होतं. बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?" त्यांच्या घरात कोण आहे मला माहीत नाही. त्या पोराचा पुढचा गुरुवार मात्र मला डोळ्यांसमोर दिसतोय.

आणखी एक गोष्ट, कारण तीही कायद्याचीच आहे. 2019 मध्ये मुंबईच्या समलिंगी-तृतीयपंथीयांच्या प्राइड मोर्चातला मुलाचा फोटो कोकणातल्या आमच्या गावापर्यंत पोचला. त्या शिमग्याला आम्ही गेलो होतो. अंगण सारवलं, रांगोळी काढली, खणानारळाची ओटी सुपात तयार ठेवली. पालखी शेजारच्या घरी नाचली आणि आमच्या अंगणापुढून ढोलाच्या नादात तशीच पुढे गेली. भोयांतला एक जण आमचा सख्खा पुतण्या होता, त्याने मान खाली घातली. संध्याकाळी मानकऱ्यांचा निरोप आला, पोराला समज द्या, मग बघू. ह्यांनी सबंध आयुष्यात गावची पालखी चुकवली नव्हती. ते सूप दोन दिवस तसंच ओटीवर होतं.

गावकीने वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि ज्या कारणांवरून भेदभाव करायचा नाही त्यांत लैंगिकतेचा शब्द स्पष्ट आहे. हे किती आईबापांना माहीत आहे? किती तहसीलदारांना माहीत आहे? आम्ही तक्रार केली नाही. सख्ख्या भावावर कशी करणार, असं हे म्हणाले, आणि मला ते समजलं. पण गावात कुणी सरकारी माणूस येऊन एकदा हा कायदा वाचून दाखवता, तर तक्रारीची पाळीच आली नसती असं मला अजून वाटतं.

मी आपल्याकडे नवा कायदा मागत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचा प्रचार-प्रसार आपल्या खात्याकडे आहे, तृतीयपंथीयांचं कल्याण मंडळही आपल्याच खात्याकडे आहे. ही दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच दुःख आहे. प्रचाराच्या पत्रकात एक वाक्य घाला : मूल समलिंगी किंवा तृतीयपंथी आहे म्हणून त्याची 'बाधा' उतरवणं याच कायद्याखाली गुन्हा आहे. दक्षता अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावायला गृहखात्याला सांगा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असले 'बदलाचे' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. डॉक्टरची नोंदणी काढून घेता येते, बाबाकडे काढून घेण्यासारखं काहीच नाही. त्याला फक्त हा कायदा आवरू शकतो. आणि आपल्या सहकाऱ्यांना सांगा की खासगीत कुणाच्याही पाया पडा, पण पद घेऊन ज्या मंचावर जाल तिथे मुलांना बांधायला सांगितलं गेलं तर त्याच मंचावर उभं राहून नाही म्हणा.

तृतीयपंथीयांबद्दल एक वेगळं सांगायचं आहे. 2019 मध्ये संसदेने त्यांच्यासाठी कायदा केला, तेव्हा त्यांना मारणाऱ्याला, घराबाहेर काढणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली. मुंब्र्याच्या त्या बाईंनी मला विचारलं होतं, "माझ्या पोरीचं हाड इतरांपेक्षा स्वस्त आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. जादूटोणाविरोधी कायद्यात सात वर्षं आहेत आणि तिथे मार खाणारा कोण, हे विचारलेलं नाही. निदान तो तरी तिच्यासाठी वापरा.

महाराष्ट्राला हे परकं नाही. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या उत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही होते, त्यांनी सरळ उत्तरं दिली होती. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी ते उभे राहिले. आपलं खातं बाबासाहेबांचं नाव रोज घेतं, म्हणून आठवण दिली.

माझा मुलगा आता जवळच, घणसोलीत, त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. गणपतीला दोघं येतात, मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा जावई बरा पाडतो. मिरच्या भाजायच्या असल्या की मी मुलगा घरी नसताना भाजते, सगळ्या खिडक्या उघडून. तरी त्याला जिन्यातच वास येतो, मग तो वर येत नाही, खाली कट्ट्यावर अर्धा तास बसून राहतो.

तो दरबार अजून भरतो. दर गुरुवारी, सकाळी नऊपासून. आता शेडला नवे पत्रे टाकलेत आणि बाहेर गाड्या लावायला जागा केली आहे.

आपली,
एक आई आणि निवृत्त शिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई